महागड्या सेडानच्या आत हात कुठे फिरवायचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस धरून हा कर ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात जायचा. किमती उतरल्या तसे "आता जरा वरची गाडी बघू या" म्हणणारे लोक ओळखीपाळखीत दिसू लागले. माझा मोठा मावसभाऊ त्यातलाच. राहायला औंधला, भोसरीत स्वतःचं वर्कशॉप. एका शनिवारी दोन शोरूम पालथी घालून त्यानं मला फोन केला.

"अरे, इंजिनाचं मला कळतं. पण आत बसलं की दोन्हीकडे तेच. लेदर, लाकूड, भलामोठा स्क्रीन, रंगीत दिवे. दोघेही सेल्समन 'प्रीमियम प्रीमियम' करतात. फरक बघायचा कुठे?"

मी काही वर्षं चाकण पट्ट्यात गाड्यांच्या आतले प्लॅस्टिकचे भाग तपासायचं काम केलं आहे. दादाला फोनवर जे सांगितलं ते घाईघाईत सांगितलं. त्याच्यासारखे अजून बरेच जण याच प्रश्नाशी अडतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

## रचना वेगळी, बांधणी वेगळी

फ्लॅट बघायला गेल्यावर आपण दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतो. स्वयंपाकघर कुठे, खिडकी कुठल्या दिशेला, हा झाला नकाशा. भिंतीला ओल येते का, दार घासतं का, फरशी पोकळ वाजते का, हे झालं बांधकाम. नकाशा उत्तम आणि बांधकाम भिकार, असं सर्रास होतं. उलटंही होतं.

गाडीच्या आतही हेच दोन प्रश्न आहेत. पहिला रचनेचा: बटण हाताशी आहे का, नजर रस्त्यावरून हलवावी लागते का, सीट मांडीला आधार देते का. दुसरा बांधणीचा: जे बनवलं ते कशाचं, कसं जोडलं आणि पाच वर्षांनी कसं राहील.

चांगल्या रचनेचं माझं आवडतं उदाहरण मर्सिडीजच्या १९७९ सालच्या एस-क्लासमधलं आहे. सीट पुढेमागे करायची बटणं दारावर होती आणि त्यांचा आकार छोट्या सीटसारखा होता. पाठ मागे टेकवायची असेल तर बटणाची पाठ मागे ढकला. माहितीपुस्तिका उघडायची गरजच नाही. नंतर कितीतरी कंपन्यांनी ही कल्पना उचलली. याला रचना म्हणतात. ते बटण दाबताना लडबडतं की ठाम बसतं, हा प्रश्न बांधणीचा.

शोरूममध्ये आपल्याला रचना दाखवतात. बांधणी आपली आपण शोधावी लागते.

## सुरुवात फटींपासून

दोन भाग जिथे भेटतात तिथे फट असते. डॅशबोर्ड आणि दार, एसीची जाळी आणि तिच्या भोवतालची पट्टी, ग्लोव्ह बॉक्स आणि त्याचं झाकण. नव्वदच्या दशकात लेक्ससची एक जाहिरात गाजली होती. त्यात बॉलबेअरिंगची छोटी गोळी गाडीच्या बाहेरच्या पत्र्यांमधल्या फटींवरून न अडखळता घरंगळत जाते. फोक्सवॅगन समूहाचे प्रमुख राहिलेले फर्डिनांड पिएश या फटींबाबतच्या हट्टासाठी प्रसिद्ध होते आणि ऑडीच्या नावलौकिकात त्या हट्टाचा मोठा वाटा आहे.

इथे दादानं लगेच विचारलं, "मग फट नसलेलीच बरी ना?"

नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं आणि सुताराला बोलावून रंधा मारावा लागतो, तो अनुभव आठवा. डॅशबोर्डही फुगतो, फक्त पाण्याऐवजी उन्हानं. साध्या पॉलिप्रॉपिलीनची एक मीटर लांब पट्टी घ्या. हे पॉलिप्रॉपिलीन म्हणजे गाडीच्या आत सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्लॅस्टिक. तापमान ४० अंशांनी वाढलं की ही पट्टी साधारण ४ मिलिमीटर लांब होते. तेवढीच पोलादाची पट्टी वाढते जेमतेम अर्धा मिलिमीटर. हा फरक कमी करायला प्लॅस्टिकमध्ये टाल्कची पूड किंवा काचतंतू मिसळतात, पण तो पुरता जात नाही. एप्रिलच्या दुपारी उघड्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापू शकतो. वाढायला जागा ठेवली नाही तर प्लॅस्टिक फुगून वर येईल, किंवा शेजारच्या भागाला घासून आवाज करेल.

म्हणून फट किती बारीक आहे यापेक्षा ती सगळीकडे सारखी आहे का, ते बघा. एका टोकाला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला चार असेल तर साचा, जोडणी किंवा मोजमाप, कुठेतरी ढिलाई झाली आहे. उजव्या दाराची फट डाव्या दाराशी ताडून बघा. मग फटीवरून नख फिरवा. एक बाजू वर, एक खाली असेल तर नख अडतं. डोळ्यांपेक्षा नखाला हे लवकर समजतं. कारखान्यात आम्हीही गेज लावण्याआधी तेच करायचो.

रंगही फटींपाशीच पकडता येतो. दाराचा वरचा भाग एका पुरवठादाराकडून येतो, खालचा दुसऱ्याकडून, डॅशबोर्ड तिसऱ्याकडून. प्रत्येकाचं प्लॅस्टिक वेगळं आणि रंग मिसळायची पद्धतही वेगळी. दोन रंग एका दिव्याखाली हुबेहूब सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. लक्ष्मी रोडवर साडी घेताना आपल्या आया ती दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघतात, ते काही उगाच नाही. शोरूमचे दिवे सगळ्यालाच मखमल करतात. गाडी उन्हात काढायला सांगा.

## मऊ लागलं म्हणजे उंची असतं का?

डॅशबोर्डवर बोट दाबलं की किंचित दबतो, त्याला 'सॉफ्ट टच' म्हणतात. खाली कडक प्लॅस्टिकचा सांगाडा, मधे फोमचा थर, वर पातळ आवरण. ते आवरण साच्यात ओतून बनवलेलं असतं किंवा शिवून चढवलेलं असतं. बिर्याणीच्या थरांसारखं हे काम आहे: वरचा थर दिसतो, पण चव सगळे थर जमण्यात असते. फोम नीट पसरला नाही तर आत पोकळ जागा राहते आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे फुगवटा येतो.

यातला स्वस्त मार्ग म्हणजे कडक प्लॅस्टिकवर मऊ लागणारा रबरासारखा रंग फवारणे. नवीन असताना हा रंग हाताला छान लागतो. पण तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि पॉलियुरेथेनच्या काही जाती उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की हळूहळू तुटतात. मग बटणं आणि हँडल चिकट होतात, नखानं रंग सुटतो. चांगल्या नावाच्या परदेशी गाड्यांमध्येही हे मी पाहिलं आहे. छताच्या कापडाच्या मागचा फोम याच कारणानं विरतो आणि कापड झोपाळ्यासारखं लोंबायला लागतं. आपल्याकडे आधी उन्हाळा आणि लगेच चार महिने पाऊस, त्यामुळे ही परीक्षा जास्तच कडक होते.

कडक प्लॅस्टिक वापरणं हा काही गुन्हा नाही. पायाजवळ, जिथे बूट लागतो, तिथे ते योग्यच आहे. ते कुठे वापरलं, हा खरा मुद्दा आहे. कोपर टेकतं तिथे, गुडघा सतत लागतो त्या दोन सीटांमधल्या उंचवट्यावर आणि मागच्या दाराच्या वरच्या कडेवर हात फिरवा. पुढच्या दाराला मऊ आणि मागच्या दाराला कडक, ही काटकसर बऱ्याच कंपन्या करतात. मालक मागे बसणार असेल तर ही काटकसर नेमकी त्याच्याच वाट्याला येते.

पैठणी पारखणारी बाई आधी ती उलटून बघते. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो; नक्कल उलटी केली की धाग्यांचा गुंता दिसतो. गाडीही अशीच उलटून बघता येते. दाराच्या कप्प्यात बोटं घाला: आत अस्तर आहे की नुसतं प्लॅस्टिक? आर्मरेस्टच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवा: साच्याच्या दोन भागांमधून निसटलेली प्लॅस्टिकची धार बोचते का? सीटच्या रुळांवर टोपणं आहेत का? जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथेही ज्यानं काम नीट केलं, त्यानं दिसतं तिथे नक्कीच केलेलं असतं.

## लेदर, लाकूड, धातू: यातलं खरं किती?

लेदरबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कोल्हापुरी चप्पल ज्यानं वापरली त्याला उघडं चामडं माहीत आहे. पाणी पितं, डाग धरतं, पायाच्या आकाराचं होत जातं. गाडीतलं लेदर तसं नसतं. बहुतेक सर्व गाड्यांच्या लेदरवर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, म्हणजे तुमचा हात खरं तर त्या थराला लागतो. थर जितका पातळ तितकं लेदर मऊ, श्वास घेणारं आणि महाग. मात्र तितकंच नाजूकही. थर जाड असेल तर ते टिकाऊ, पण प्लॅस्टिकसारखं लागणारं.

'आर्टिको' (मर्सिडीज), 'व्हेगांझा' (बीएमडब्ल्यू), 'नुलक्स' (लेक्सस) ही नावं ऐकून ही कुठल्या देशाची उंची चामडी आहेत असं वाटतं. हे तिन्ही कृत्रिम पदार्थ आहेत. अल्कांताराही चामडं नाही. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनपासून केलेलं, सुएडसारखं दिसणारं कापड आहे.

यावर "मग आपल्याला फसवतात का?" असं वाटेल. माझं मत तसं नाही. २०२३ साली आलेल्या ५ सिरीजमध्ये बीएमडब्ल्यूनं मूळ सजावटच प्राण्यांच्या चामड्याविना दिली. पुण्याच्या हवेत, घामट दुपारी, शाळेतून आलेल्या पोरांसह वापरायला चांगलं कृत्रिम लेदर अनेकदा खऱ्यापेक्षा सोयीचं पडतं. फक्त खऱ्या लेदरचे पैसे मोजताना कुठे खरं आहे आणि कुठे कृत्रिम, हे विचारून घ्या. पुष्कळदा सीटचा मधला भाग तेवढा खरा असतो. बाजू आणि पाठीमागचा भाग कृत्रिम.

लाकडाचा फरक ज्यांनी घरी फर्निचर केलं त्यांना चटकन समजेल. सनमायका म्हणजे लाकडाचं छापील चित्र. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. गाडीत दोन्ही मिळतात. छापील नक्षी ठरावीक अंतरानं पुन्हा येते. खऱ्या लाकडाच्या रेषा कधीच तशाच पुन्हा येत नाहीत. काचेसारखा चकचकीत लेप नसलेलं उघड्या रंध्रांचं लाकूड असेल तर बोटाला रेषा जाणवतातही.

धातू ओळखणं सर्वांत सोपं. सकाळी तांब्याला हात लावला की गार लागतो, कारण धातू हाताची ऊब पटकन ओढून घेतो. क्रोमचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक तेवढं गार लागत नाही. एसीमध्ये उभ्या असलेल्या गाडीत आतल्या हँडलला बोटाची मागची बाजू लावून बघा. ही खूण उन्हात तापलेल्या गाडीत करू नका. तिथे खरा धातू चटका देतो.

## करकर, खडखड, गुणगुण

गाड्यांच्या कारखान्यात आतल्या आवाजांची तीन जातींत विभागणी करतात आणि तिन्हींना मराठीत नेमके शब्द आहेत. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून पुन्हा सुटतात, क्षणात शेकडो वेळा, ती करकर. सैल भाग आपटतो ती खडखड. पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिक इंजिनाच्या वा स्पीकरच्या कंपनानं थरथरतं ती गुणगुण.

बांधणीचा खरा निकाल इथे लागतो, आणि तो शोरूममध्ये लागत नाही. चांगला कारखाना जिथे दोन भाग घासण्याची शक्यता आहे तिथे लोकरीसारखी पट्टी चिकटवतो, क्लिपा ठरलेल्या ताकदीच्या वापरतो, तारांच्या जुड्या बांधून ठेवतो. हे काम कुणालाच दिसत नाही. एक क्लिप अर्धवट बसली तरी गाडी कारखान्यातून शांत बाहेर पडते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बोलायला लागते. माझ्या ओळखीतल्या एका महागड्या सेडानची मागच्या काचेखालची फळी (पार्सल शेल्फ) अशी वाजायला लागली. तो आवाज शोधायला वर्कशॉपला तीन फेऱ्या लागल्या, आणि शेवटी कारण निघालं फोमची एक निसटलेली पट्टी.

दार बंद होतानाच्या आवाजाबद्दल सगळे बोलतात. 'धप्प' झालं की मजबूत, 'खण्ण' झालं की पत्रा. यात तथ्य आहे, पण अर्धंच. तो 'धप्प' आवाज ठरवून घडवलेला असतो. दाराच्या पत्र्याला आतून चिकटवलेला कंपन शोषणारा थर, दुहेरी रबर आणि कुलपाच्या भागांवरचं प्लॅस्टिकचं आवरण मिळून तो तयार करतात. अपघातात दार किती टिकेल याचा तो पुरावा नाही. आतमधली शांतता मात्र खरी कमाई आहे. त्यासाठी खिडक्यांना दोन काचांमध्ये आवाज शोषणारा पापुद्रा घातलेली काच वापरतात. ती पुढे आहे की मागेही, हे विचारा. उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल.

## मोठा स्क्रीन म्हणजे वरची गाडी?

मर्सिडीजच्या ईक्यूएस या विजेवर चालणाऱ्या सेडानमधला पडदा काचेच्या एकाच सलग तुकड्याखाली १४१ सेंटिमीटर रुंद आहे. प्रभावी आहे यात शंका नाही. पण पडदा हा रचनेचा भाग आहे, बांधणीचा नव्हे. शिवाय वीस बटणं म्हणजे वीस साचे, वीस जोडण्या, प्रत्येकाची वेगळी चाचणी. ती सगळी एका पडद्यात गेली की कंपनीचा त्रास कमी होतो. तुमचा कमी होईलच असं नाही. युरोपातल्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा कामांना खरी बटणं किंवा दांडे असण्याला गुण द्यायचं ठरवलं, ते उगीच नाही.

बटण पारखताना ते हळू दाबा. किती खोल जातं, कुठे 'टिक' होतं, सुटताना कसं परततं. एकाच गाडीतल्या चार बटणांचा दाब सारखा लागला, तर कुणीतरी त्यावर महिने घालवले आहेत असं समजा. आणि चकचकीत काळं प्लॅस्टिक, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात, ते निदान मला तरी पुण्यात नको वाटतं. बांधकामांची धूळ त्यावर बसते, कोरड्या फडक्यानं पुसली की बारीक चरे पडतात आणि वर्षभरात ते गाडीतलं सर्वांत जुनाट दिसणारं ठिकाण होतं.

## "इथे जोडलेली गाडी जर्मनीसारखी असते का?"

हा प्रश्न पुण्यात हमखास येतो, कारण उत्तर जवळच आहे. मर्सिडीजनं भारतात १९९४ मध्ये कंपनी स्थापन केली, १९९५ पासून पिंपरीला गाड्या जोडल्या, आणि २००९ पासून चाकणचा स्वतःचा कारखाना सुरू केला. एस-क्लासही तिथेच जोडली जाते. बीएमडब्ल्यू चेन्नईत. सुटे भाग आणून इथे जोडतात त्याला सीकेडी म्हणतात, आणि त्यामागचं मुख्य कारण आयातशुल्क वाचवणं हे आहे.

डॅशबोर्डचा दर्जा साच्यात ठरतो, आणि त्यावर गाडी जोडणाऱ्या हातांचा परिणाम होत नाही. जोडणीत चुका होऊ शकतात, पण त्या कुठेही होऊ शकतात. दिवसाला मोजक्याच गाड्या बाहेर पडणाऱ्या कारखान्यात एका गाडीला मिळणारी नजर कमी नसते, हे मी त्या पट्ट्यात काम करताना पाहिलं आहे. गाडी कुठे जोडली यावरून दर्जा ठरवू नका. समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीवरून ठरवा.

भारतात जोडण्याचा एक फायदाही झाला. इथला मालक मागे बसतो म्हणून मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची ५ सिरीज दोन्ही लांब व्हीलबेसमध्ये मिळतात, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेलं. ई-क्लासचं ३,०९४ मिलिमीटर, ५ सिरीजचं ३,१०५. बोटभर फरक आहे. त्यावरून निर्णय घेऊ नका. मागच्या सीटचं बूड किती लांब आहे, म्हणजे मांडी गुडघ्यापर्यंत टेकते की अधांतरी राहते, ते बघा. आणि गादीवर निदान वीस मिनिटं बसा. कापसाची नवी गादी पहिल्या रात्री सगळ्यांनाच आवडते; पाठीला खरं काय ते नंतर कळतं.

## "वीस लाखांच्या गाडीतही हे सगळं मिळतं की"

मिळतं, आणि हे खरंच चांगलं झालं आहे. मऊ डॅशबोर्ड, मोठा पडदा, हवेशीर सीट आता खालच्या किमतीतही आहेत. पण त्या गाडीत हात जिथे पहिल्यांदा जातो तिथपर्यंतच मऊपणा असतो. पैसे कुठे लावायचे ते कंपनीनं तुमच्या नजरेच्या क्रमानं ठरवलेलं असतं. वरच्या गाडीत ती सीमा पुढे सरकते: खाली, मागे, आत. जास्तीचे पैसे तुम्ही त्या सरकलेल्या सीमेचे देता. ती सरकली नसेल तर देऊ नका.

एक सूचना मात्र कुठल्याही किमतीच्या गाडीला लागू. बाहेरच्या दुकानातून जाड सीट कव्हर चढवू नका. अनेक सीटच्या बाजूला एअरबॅग असते आणि तिथली शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याची असते, म्हणजे एअरबॅग फुगताना ती फाटावी. वर जाड कव्हर आलं की बॅग वेळेवर आणि योग्य दिशेला बाहेर येईलच याची खात्री राहत नाही.

## दादानं नंतर काय केलं

पुढच्या रविवारी तो मावशीला घेऊन दुपारी बाराला गेला, गाडी उन्हात उभी असताना. गाणी बंद, एसी एकवर. मावशी मागे बसली. त्यानं शोरूमच्या मागच्या खडबडीत गल्लीत गाडी पंधराच्या वेगानं फिरवली आणि स्पीडब्रेकर तिरके घेतले, म्हणजे एक चाक आधी, एक नंतर. असं केलं की गाडीचा सांगाडा किंचित पिळतो आणि सैल असलेलं सगळं बोलतं. पहिल्या गाडीत मागून बारीक करकर आली. मावशीनंच ती उजव्या खांबाच्या पॅनेलवर हात दाबून शोधली. हात दाबला की आवाज बंद, काढला की सुरू. सेल्समननं डेमोची गाडी आहे, दहा हजार किलोमीटर झालीत, असं सांगितलं.

दुसरी गाडी तेवढीच चाललेली होती. ती गप्प होती. तिच्या दारातल्या कप्प्याला मात्र अस्तर नव्हतं आणि मागचं आर्मरेस्ट दादाला उंचीला कमी वाटलं. घरी येऊन त्यानं मला विचारलं, "अस्तर नंतर लावून घेता येतं का?"

येतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.